‘नको’ वाटणं आणि ‘नाही’ म्हणणं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे भाऊ चोपडा तालुक्यातले, वय चौतीस, केळीच्या बागांत कापणीचं काम करतात. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत आणि आठवड्यातून दोनदा तिला जळगावला डायलिसिसला न्यावं लागतं. आई लहानपणीच गेली, त्यामुळे या बहिणीनेच त्यांना वाढवलं. तपासण्यांत त्यांची किडनी जुळली आणि त्यांनी ‘हो’ म्हटलं. पुढच्या रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यांना उभं केलं, टाळ्या वाजल्या, आणि मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांनी, सांगून टाकलं की ही प्रभूची इच्छा आहे. त्या रात्रीपासून भाऊंना झोप नाही. ते लिहितात, “पास्टर, मला हे सोसायचं नाही. ऑपरेशनचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणताना जीभ अडते. विश्वास असता तर भीती राहिली नसती, असं मला सांगितलं. माझी इच्छा देवाच्या इच्छेशी जुळत नाही, मग मी देवाच्या विरोधात उभा आहे का?”

भाऊ, नाही. तुम्ही देवाच्या विरोधात उभे नाही. एवढं आधी वाचून घ्या, आज झोप लागली तर झोपा, बाकीचं उद्या वाचा.

आता सावकाश बोलू. आपल्या भाषेत ‘इच्छा’ हा शब्द फार ओढाताणीत सापडलेला आहे. चहा प्यायची इच्छा होते, तीही इच्छाच. माणूस मरताना जे सांगून जातो, तीही शेवटची इच्छा. आणि देवाचा संकल्प, तीही इच्छा. एकाच शब्दाने मनाला वाटणंही सांगायचं आणि मनाने ठरवणंही सांगायचं, मग घोळ होणारच. पण याच भाषेने एक सोयही करून ठेवली आहे. आपल्याकडे ‘नको’ वेगळं आणि ‘नाही’ वेगळं. पोराला कडू औषध दाखवलं की ते ‘नको’ म्हणतं. त्यानंतर तोंड उघडतं की घट्ट मिटतं, ही पुढची गोष्ट. तुमच्या पत्रात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ‘नको’ आहे. ‘नाही’ मला कुठे सापडलं नाही. मंडळीच्या वडिलांनी तुमच्या ‘नको’ला ‘नाही’ समजून झापलं, एवढंच झालं आहे.

गेथशेमानेची गोष्ट, येशूने पकडला जाण्याआधी त्या बागेत केलेल्या प्रार्थनेची, तुम्हाला पाठ असेल. दरवर्षी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ऐकतो आपण. पण आम्ही पाळक लोक ती गोष्ट सांगताना एक लबाडी करतो. ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ हे वाक्य भरभर वाचतो आणि पुढच्या ‘तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’वर येऊन आवाज चढवतो. जणू पहिलं वाक्य येशूच्या तोंडून चुकून निसटलं आणि दुसऱ्याने त्याने ते सावरून घेतलं! मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात तसं काही नाही. तिथे तो घाबरा होतो, व्याकूळ होतो, जमिनीवर पडतो. माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, असं तो स्वतःच्या तोंडाने शिष्यांना सांगतो. मग ‘अब्बा’ म्हणून हाक मारतो आणि मागतो. एकदा नाही, तीनदा. आणि शास्त्र मुद्दाम नोंदवतं की परत जाऊन त्याने तेच शब्द बोलून प्रार्थना केली. तेच शब्द! म्हणजे पहिल्यांदा ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हटल्यावरही दुसऱ्यांदा ‘नको’ वाटणं संपलेलं नव्हतं. आपल्याकडे कुणी तीनदा तीच विनवणी केली असती तर त्याला ‘विश्वासात कमी’ म्हणून उपासप्रार्थनेला बसवलं असतं.

गेथशेमाने या शब्दाचा अर्थ तेल काढायचा घाणा. जैतुनाच्या झाडांची बाग होती ती. घाणा आपल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. शेंगदाणा असो, तीळ असो, आत पडलेला दाणा कुरकुर करतोच.

आता एक बारीक गोष्ट बघा, मला स्वतःला ती फार उशिरा दिसली. मत्तयच्या सोळाव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र त्याला बाजूला घेऊन म्हणतो की असलं दुःख तुझ्या वाट्याला नको. त्यावर येशू त्याला सैतान म्हणतो. आणि थोड्याच दिवसांनी गेथशेमानेत स्वतः येशूच बापाला, म्हणजे देवाला, तेच म्हणतो. मजकूर एकच. मग पेत्राचं चुकलं कुठे? पेत्र येशूला रस्त्यावरून मागे ओढत होता. येशू ते ‘नको’ बापासमोर घेऊन गेला आणि तिथेच बसून राहिला, उठून गेला नाही. भीतीत पाप नसतं, भाऊ. ती घेऊन आपण कुणाकडे जातो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

तुम्ही म्हणाल, येशूची गोष्ट वेगळी, तो देवाचा पुत्र. या एका मुद्द्यावर ख्रिस्ती जगात पूर्वी मोठं भांडण झालेलं आहे, आणि ते तुमच्याच प्रश्नावर होतं म्हणून सांगतो. सातव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) बादशहाच्या दरबारात एक मत जोरात होतं की येशू देव आणि मनुष्य दोन्ही असला तरी त्याची इच्छा एकच, दैवी. मनुष्याची वेगळी इच्छा मानली तर ती देवाच्या इच्छेशी भांडेल, अशी त्यांना धास्ती. त्यात राजकारणही होतं. फुटलेल्या ख्रिस्ती गटांना एका वाक्यावर आणून साम्राज्य सांधायचं होतं, आणि ६४८ साली तर बादशहाने या विषयावर वादच घालायचा नाही असं फर्मान काढलं. मॅक्सिमस नावाचा एक म्हातारा संन्यासी ऐकेना. तो गेथशेमानेवर बोट ठेवून बसला. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ असं येशू म्हणतो, तर ‘माझी’ म्हणण्यासारखी इच्छा त्याला होती ना? जगावं, मरणापासून मागे सरावं, ही ओढ देवानेच मनुष्याच्या घडणीत घातली आहे. ती पापातून आलेली नाही. ती काढून टाकली तर येशू आपल्यासारखा मनुष्य उरत नाही, आणि मग तो आपल्यातलं नेमकं काय तारणार? या हट्टापायी ६६२ साली, ऐंशी ओलांडलेल्या त्या माणसाची जीभ आणि उजवा हात कापला आणि त्याला आजच्या जॉर्जियाकडे हद्दपार केलं. त्याच वर्षी तो तिथे वारला. पुढे ६८०-६८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत मंडळीने मान्य केलं ते त्याचंच म्हणणं. येशूमध्ये दोन इच्छा आहेत, एक दैवी आणि एक मानवी. मानवी इच्छा दैवी इच्छेला पुसून टाकत नाही, दैवी इच्छा मानवी इच्छेला गिळत नाही. मानवी इच्छा मोकळेपणाने तिच्यामागे चालते.

तुमच्या मंडळीचे वडील चांगले गृहस्थ असतील, पण या बाबतीत ते नकळत बादशहाच्या बाजूला जाऊन उभे आहेत. भांडण नको म्हणून माणसाची इच्छाच उपटून टाकायची, म्हणजे देवाची तेवढी शिल्लक राहील. परिषदेने हा मार्ग बंद केला त्याला तेराशे वर्षं उलटून गेली.

जुन्या काळचा बिशप अगस्तिन, त्याचं एक उदाहरण तुम्हाला लागू पडेल. विश्वास, आशा आणि प्रीती यांवर त्याने एक लहानसं पुस्तक साधारण ४२१ साली लिहिलं, त्यात ते आहे. एका घरी बाप मरणाला टेकला आहे आणि देवाच्या योजनेत त्याचं मरण आहे. चांगला मुलगा रडतोय, बाप जगावा म्हणून. वाईट मुलगा वाट बघतोय, कधी एकदा मरतो म्हणून. (वाईट मुलगा कशाची वाट बघतोय ते अगस्तिन सांगत नाही. आपल्याकडे असता तर सातबारावर नाव चढायची.) आता बघा, वाईट मुलाची इच्छा देवाच्या इच्छेशी तंतोतंत जुळते. चांगल्या मुलाची अजिबात जुळत नाही. तरी अगस्तिन म्हणतो, देवाला हवं तसं वागतोय तो चांगला मुलगाच. कारण मुलाने बापाचं मरण इच्छावं असं देवाला वाटतच नाही. देवाने काय करायचं ठरवलं ही एक गोष्ट, आणि मी काय इच्छावं असं देवाला वाटतं ही दुसरी. या दोन गोष्टी सरसकट एक धरल्या की माणूस तुमच्यासारखा रात्र रात्र जागतो.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने हेच आणखी सोपं केलं. चोराला मृत्युदंड द्यावा असं न्यायाधीशाला वाटतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर न्याय आहे. त्याला मारू नये असं चोराच्या बायकोला वाटतं, कारण तिच्या डोळ्यांसमोर नवरा आहे. थॉमस म्हणतो, दोघांच्याही इच्छा चांगल्या. न्यायाधीशाने आपल्या जागेवरून बघावं, बायकोने आपल्या. देव सगळ्या जगाचं भलं एकदम बघतो. माझ्यातुमच्यासारख्याला आपलं अंगण तेवढं दिसतं, आणि त्या अंगणात दोन लेकरं खेळत असतात. तुम्हाला स्वतःचं शरीर शाबूत राहावंसं वाटतं, लेकरांना बाप हवासा वाटतो, तर तुम्ही तुमच्या जागेवर उभे आहात. देवाच्या जागेवर उभं राहायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

आता मंडळीविषयी थोडं, आणि जरा कडू बोलतो.

‘ही प्रभूची इच्छा आहे’ हे वाक्य आपल्या भागात इतकं स्वस्त का झालं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या गावांत संकट आलं की शेजारीपाजारी म्हणतात, ‘भोग आहेत, भोगून संपवायचे.’ आपले आजेपणजे बाप्तिस्मा घेऊन आले, त्यांनी शब्द बदलला, भोगाच्या जागी ‘देवाची इच्छा’ बसवली. पण चाल तीच राहिली. तोच सुस्कारा, तीच मान डोलावणी. भोग म्हणणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, त्यांच्या म्हणण्यामागे त्यांचा विचार आहे. पण बापाची इच्छा म्हणजे कुठेतरी लिहून ठेवलेला हिशेब नव्हे. बापाला हाक मारता येते, त्याच्याशी हुज्जत घालता येते. अब्राहामाने घातली, मोशेने घातली. संकटांनी पिचलेल्या ईयोबाने तर अध्यायच्या अध्याय घातली, आणि शेवटी देव रागावला तो ईयोबावर नव्हे, देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्याच्या मित्रांवर.

मी स्वतः त्या मित्रांत बसून आलो आहे. नवा पाळक होतो तेव्हाची गोष्ट. अनेर नदीकाठच्या एका गावात सात वर्षांचं पोरगं डोहात बुडालं. मातीच्या वेळी मी त्याच्या आईला म्हणालो, “बाई, देवाची इच्छा.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि अहिराणीत तीनच शब्द बोलली, “माले नको हाई.” मला वाटलं, दुःखाने बाई बहकली. आज वाटतं, त्या दिवशी त्या मातीवर खरी प्रार्थना तेवढीच झाली. ती बाई पुन्हा उपासनेला आली नाही. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

म्हणून विचारतो, तुमची किडनी द्यावी ही प्रभूची इच्छा आहे हे मंडळीला कुणी सांगितलं? बहीण जगावी, तिचं दुखणं हलकं व्हावं, ही देवाची इच्छा आहे असं मी छातीवर हात ठेवून म्हणेन. पण ते तुमच्याच शरीरातून व्हावं, हे टाळ्या वाजवून ठरत नाही. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, माझा जीव कुणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. ‘आपण होऊन’ या दोन शब्दांवर सगळं तारण उभं आहे. लोकलाजेने काढून घेतलेल्या वस्तूला अर्पण कसं म्हणायचं? आपल्या देशाचा १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदासुद्धा दात्याची राजीखुशी मागतो, आणि ती तपासायला माणसं बसवतो. तिथे जेवढी काळजी घेतात तेवढी तरी मंडळीत घ्यायला हवी होती.

आणि दुःख टाळणं हे मुळातच देवाला नामंजूर आहे, असंही शास्त्रात नाही. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावाला पळा, असं येशूनेच शिष्यांना सांगितलं. प्रेषित पौल जीव वाचवायला टोपलीत बसून दिमिष्काच्या (दमास्कसच्या) भिंतीवरून उतरला. फटके मारायला बांधला तेव्हा तो ‘प्रभूची इच्छा’ म्हणून गप्प बसला नाही, मी रोमन नागरिक आहे असं सांगून त्याने फटके टाळले. स्मुर्णा शहराचा वृद्ध बिशप पॉलिकार्प पुढे चितेवर मारला गेला, पण तोही आधी मित्रांच्या सांगण्यावरून शहराबाहेरच्या मळ्यात जाऊन राहिला होता. त्याच्या मरणाचा जो वृत्तांत लिहिला गेला, त्यात क्विंटस नावाच्या एका माणसाची गोष्ट आहे. हा गडी हुतात्मा व्हायला हौसेने स्वतःहून पुढे गेला, आणि श्वापदं बघितल्यावर त्याचं पाणी पळालं. वृत्तांत लिहिणारे स्पष्ट म्हणतात की जे आपणहून स्वतःला हवाली करतात त्यांची आम्ही स्तुती करत नाही. दुसऱ्या शतकातली ही माणसं. हुतात्म्यांच्या रक्ताचा वास त्यांच्या नाकात ताजा होता, तरी ती असं लिहितात. आमची मंडळी एसी हॉलमध्ये दुसऱ्याच्या किडनीवर टाळ्या वाजवते.

पेत्राचं तर बघाच. योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू त्याला सांगतो, तू म्हातारा होशील तेव्हा दुसरा माणूस तुला बांधून, तुझी इच्छा नाही तिथे नेईल. आणि योहान लगेच लिहितो की कोणत्या मरणाने तो देवाचं गौरव करील हे सुचवण्यासाठी येशू हे बोलला. म्हणजे इच्छा नसलेलं मरण, आणि त्यातच देवाचं गौरव. हे दोन्ही एका वाक्यात बसतं हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ अंगणात जाऊन बसलो होतो.

एक वचन तुम्हाला कुणीतरी ऐकवेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो, करिंथकरांना पौलाने लिहिलेलं दुसरं पत्र, नववा अध्याय. ‘तू घाबरत घाबरत देतोस, म्हणजे संतोषाने देत नाहीस’ असं म्हणायला लोक कमी करणार नाहीत. ते वचन यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना लिहिलेलं आहे, आणि त्याच ओळीत पौल सांगतो की देणं भाग पडतं म्हणून देऊ नये. पौलाला नको आहे ती जबरदस्ती. थरथरणाऱ्या हाताबद्दल तिथे एक अक्षर नाही. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात तर येशूने मोठ्या आक्रोशाने आणि आसवे गाळीत प्रार्थना केल्याचं लिहिलं आहे, आणि त्याच वाक्यात ती ऐकली गेल्याचंही. प्याला तर दूर झाला नाही, मग ऐकली कशी? मला याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. जेवढं सापडलं ते असं. रडणाऱ्या लेकराला बापाने हाकलून दिलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी थडगं रिकामं होतं. मधले दोन दिवस गप्प होते.

स्वतःचंही सांगतो, नाहीतर म्हणाल पास्टर लांबून ज्ञान देतात. बत्तीस वर्षं मी लोकांच्या खाटेशेजारी बसून तेविसावं स्तोत्र म्हटलं. माझी बायपास ठरली तेव्हा नाशिकला नेलं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये घातलं आणि ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ याच्या पुढची ओळ मला आठवेना. पुढची ओळ काय आहे? मला काही उणे पडणार नाही. नेमकी तीच. वॉर्डबॉय चोवीस-पंचवीसचा, मुसलमान पोरगा होता. त्याने विचारलं, “चाचा, डर लग रहा है?” मी म्हटलं, “हो रे.” तो म्हणाला, “सबको लगता है.” त्या सकाळी मला मिळालेलं सर्वांत चांगलं प्रवचन ते. वर नेईपर्यंत मी एवढंच म्हणत होतो, बापा, मला नको आहे हे. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणालो की नाही, मला आठवत नाही. भूल लवकर चढली.

आता करायचं काय, ते बघू.

मंडळीत पुन्हा उभे राहू नका. साक्ष देऊ नका. कुणी विचारलं तर डॉक्टरांशी बोलणं चालू आहे म्हणा, ते खोटंही नाही. प्रार्थना घरीच करा, आणि तिचे दोन तुकडे करा. काही दिवस फक्त पहिला तुकडा म्हणा. नको आहे, देवा. कशाची भीती वाटते तेही एकेक नाव घेऊन सांगा. पोट फाडण्याची. भुलीतून न उठण्याची. उरलेली एक किडनी उद्या बिघडली तर, याची. घड उचलता येईनासा झाला तर घरात काय शिजणार, याची. दुसरा तुकडा ओढून ताणून आणू नका. तो आपसूक ओठावर येईल किंवा येणार नाही. येशूलाही एका बैठकीत पुरलं नाही.

या यादीतल्या अर्ध्या गोष्टी देवाला सांगून झाल्यावर डॉक्टरांना विचारायच्या आहेत. दात्याची तब्येत बघणाऱ्या डॉक्टरांशी बहिणीला बाहेर बसवून एकट्याने बोला. धोका किती, उरलेल्या किडनीची वर्षानुवर्षं तपासणी कुठे आणि कशी होणार, जड उचलायला किती आठवडे बंदी, सगळं विचारा. केळीचा घड वीस-पंचवीस किलोचा असतो आणि दिवसभरात असे किती पाठीवर घेता, हे त्यांना आकड्यात सांगा. शहरातल्या डॉक्टरांना ‘शेतीकाम’ म्हटलं की नांगर डोळ्यांसमोर येतो. पुढचं पाऊल मागे घ्यायचं असेल तर तेही त्यांनाच एकांतात सांगता येतं. आणि तुमच्या बायकोशी बोला. तुमच्या पत्रात ती कुठेच नाही. अंग तुमचं असलं तरी रात्री शेजारी जागी ती आहे, मला खात्री आहे.

मजुरी बुडेल त्या महिन्यांचं मी बघतो. ‘प्रभूची इच्छा’ म्हणणाऱ्यांना त्या महिन्यांचा किराणा कोण भरणार, हे त्याच सभेत विचारायला हवं होतं. याकोबाच्या पत्रात उघड्याला आणि उपाशाला नुसतं ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणणाऱ्यांची चांगली हजेरी घेतली आहे. मी तुमच्या मंडळीच्या वडिलांना फोन करतो. भांडणार नाही.

चंगाई सभेवाला, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करतो म्हणणारा, कुणी आला आणि विश्वास धरून डायलिसिस बंद करा म्हणाला, तर त्याला घरात घेऊ नका. हे मी पाळक म्हणून सांगतोय. डायलिसिसची एकही पाळी चुकवायची नाही.

आता तुमचा उरलेला प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही पण पत्राच्या तळाशी आहे. नाही म्हटलं तर? मत्तयच्या एकविसाव्या अध्यायात एका माणसाचे दोन मुलगे आहेत. बाप म्हणतो, द्राक्षमळ्यात जा. एक म्हणतो, ‘मी नाही जात,’ आणि नंतर जातो. दुसरा म्हणतो, ‘जातो,’ आणि जात नाही. बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केलं, असं येशू विचारतो, आणि उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या गोष्टीत बापाने काम सांगितलेलं आहे. तुमच्या बाबतीत बापाने नेमकं काय सांगितलं हे अजून ठरायचं आहे, आणि ते ठरवायचं स्वातंत्र्य त्यानेच तुम्हाला दिलेलं आहे. किडनी दिलीत तर ती भीतीसकट देवाला चालेल. न दिलीत तर तुम्ही बहिणीचे भाऊ राहालच, मंडळीतही तुमची जागा तुमचीच राहील. ताईंची मेलेल्या दात्याच्या किडनीसाठी नोंद झाली आहे का, तेही विचारून घ्या. ते या निर्णयावर अडवून ठेवायचं कारण नाही. फक्त एक करा. हो असो की नाही असो, ताईंना तुम्ही स्वतः सांगा, दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नका. ज्या बाईने आईच्या माघारी तुम्हाला मोठं केलं, तिने तुमची भीती याआधीही बघितली असेल. अंधारात परसाकडे जायला घाबरणारं पोर तिनेच हाताला धरून नेलं असणार.

तुम्ही लिहिलंत की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती माहेरी आली होती आणि बागेतल्या केळीकडे नुसती बघत होती, कारण तिला केळी बंद आहेत. पाणीसुद्धा मोजून, दिवसाला एक लिटर, तेही जळगावच्या मे महिन्यात. तुम्ही त्या दिवशी तिच्यासमोर केळं खाल्लं नाहीत, आणि तहान लागली तर विहिरीवर जाऊन लपून पाणी प्यायलात. हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, दोन ओळींत. मी त्या दोन ओळी तीनदा वाचल्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी तिची डायलिसिसची पाळी असते म्हणालात. मंगळवारी मी जळगावात असतो. चार तास लागतात, तेवढा वेळ आपण बाहेरच्या बाकड्यावर बसू. बोललंच पाहिजे असं नाही. दुपारच्या उन्हात माझा डोळा लागतो हल्ली, तसा लागला तर हलवून उठवा.